प्लेगच्या लशीचे जनक : वाल्डेमार हाफकिन

मुंबईस परळ भागात एक जुनी भव्य वास्तू आहे. प्रथम ती जेझुइट पाद्र्यांच्या ताब्यात होती. पुढे इंग्रज गव्हर्नर तेथे राहू लागले. एका गव्हर्नराची पत्नी त्याच वाड्यात पटकीने वारली आणि गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलवर गेला. ओस पडलेल्या त्या वाड्यात १८९९ साली प्लेगची लस तयार करणारी प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. हे नाव इंग्रज नाही, पारशी नाही आणि हिंदुस्थानीही नाही. ते ज्याचे आहे, त्याचे चरित्र वडोदऱ्याच्या मराठी विद्यार्थ्यांना ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. त्याला एक खास कारणही आहे आणि ते योग्य ठिकाणी येईलच.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या बंदरात एका यहुदी कुटुंबात झाला. त्या वेळी ओडेसा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क गावी आटोपून ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना मेच्निकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे पुढे ज्यांनी सिद्ध केले तेच हे प्राणिशास्त्रज्ञ. गुरू थोर असले तरी काळ वाईट होता. झारशाहीविरुद्धच्या चळवळीत हाफकिन सामील झाले. यहुदी वस्तीवर जमाव चालून आला तेव्हा तिच्या रक्षणासाठी ते उभे राहिले आणि जखमी झाले. तुरुंगाची हवाही त्यांनी खाल्ली. शिक्षणात उत्तम यश मिळूनही अध्यापकाचे पद मिळण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे बाप्तिस्मा घेणे. हाफकिन यांनी त्यास साफ नकार दिला. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करून १८८८ साली त्यांनी देश सोडला. जिनीव्हास थोडा काळ राहून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. मेच्निकॉव्ह तेथे आधीच आले होते. शिष्यासाठी जागा मात्र एकच मोकळी होती आणि ती ग्रंथपालाची होती. हाफकिन यांनी ती स्वीकारली. दिवसा ते ग्रंथ सांभाळीत आणि उरलेल्या वेळी प्रयोगशाळेत बसत.

त्या काळी युरोपात पटकीची मोठी धास्ती होती. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास पटकीच्या जंतूची निश्चिती केली होती. तथापि रोग टाळण्याचा खात्रीचा उपाय हाती आला नव्हता. हाफकिन यांनी गिनीपिगांच्या शरीरातून तो जंतू पुनःपुन्हा नेऊन त्याची तीव्रता वाढविली व त्यापासून लस तयार केली. प्राण्यांवर ती लागू पडली. मग माणसावर प्रयोग करायचा तर पहिला माणूस कोण? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनीही ती घेतली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे महत्त्व वाढते. हाफकिन वैद्यकाचे पदवीधर नव्हते. ते प्राणिशास्त्राचे विद्वान होते. डॉक्टर नसलेल्या माणसाने सुई हातात धरावी, हे वैद्यकीय खात्यातील अनेकांना अखेरपर्यंत रुचले नाही.

हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे त्या सुमारास पॅरिसमध्ये इंग्लंडचे राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन हिंदुस्थानात आले. १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास उतरले. पटकीचे माहेरघर हेच, तेव्हा उपायाची परीक्षाही येथेच व्हावी, असा त्यांचा विचार होता. परंतु रोगाशी झुंजण्यापूर्वी त्यांना लोकांच्या मनातील भयाशी झुंजावे लागले. निरोगी माणसाच्या अंगात रोगाचेच जंतू सोडावयाचे, हे ऐकूनच माणसे दूर पळत. कलकत्त्याच्या एका वस्तीत लोकांनी दगडफेक सुरू केली तेव्हा हाफकिन यांनी सर्वांसमक्ष अंगरखा वर करून स्वतःस सुई टोचून घेतली आणि त्यांच्या बंगाली सहकारी डॉक्टरांनी त्यांचे अनुकरण केले, अशी हकीकत सांगतात. व्याख्यानाने जे साधले नसते ते त्यामुळे साधले. १८९४ च्या मार्च अखेरीस काठालबागान नावाच्या वस्तीत पटकी उद्भवली. तळ्याच्या काठच्या या वस्तीत सुमारे दोनशे माणसे राहत होती. त्यांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तेथे पटकीचे आणखी रोगी झाले, सात दगावलेही. परंतु ते सारे लस न घेतलेल्यांतीलच होते.

त्यानंतर आग्रा, अयोध्या, पंजाब, आसामचे चहाचे मळे असा त्यांचा प्रवास झाला. सुमारे अडीच वर्षांत बेचाळीस हजारांवर माणसांस लस टोचली गेली. लस घेण्याची सक्ती नव्हती. पटवून देऊनच माणसे मिळवावी लागत. या श्रमांत हाफकिन यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ साली त्यांना उपचारांसाठी परत जावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात एक विचित्र ताप दिसू लागला. रोग्याच्या जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत तो दगावे. गोव्यातील बारदेशात जन्मलेले डॉ. अकासियु व्हिएगश हे तेथे व्यवसाय करीत होते. हा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले व निर्भयपणे जाहीर केले. व्यापारी नगरीत असे जाहीर करणे सोपे नव्हते. बंदरावर निर्बंध येतील, धंदा बुडेल, असे म्हणणारे पुष्कळ होते. परंतु निदान खरे ठरले. पाहता पाहता लाखो लोक शहर सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या. त्या पळालेल्या माणसांबरोबर रोगही गावोगाव गेला.

ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्या लगतचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई होते. एवढ्या सामग्रीवर त्यांना प्लेगची लस शोधावयाची होती. प्लेगचा जंतू येर्सँ यांनी हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच शोधला होता. तो विपुल प्रमाणात वाढवावा कसा, हा खरा प्रश्न होता. येथे हाफकिन यांनी जी युक्ती काढली ती वाचून आमच्या वाचकांना, विशेषतः घरच्या मातोश्रींना, मौज वाटेल. मांसाच्या अर्काने भरलेल्या चंबूत त्यांनी थोडेसे तूप सोडले. अर्कावर तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबांना धरून जंतू वाढत आणि गुहेच्या छतावरून चुन्याचे लोंबते सुळके उतरावेत तसे त्यांचे धागे खाली लोंबू लागत. चंबू हलविला की ते तळाशी जात आणि वर नवे पीक येई. अर्कासाठी त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले, म्हणजे हिंदू व मुसलमान या दोहोंपैकी कोणाच्याही भावना दुखावण्याचे कारण उरले नाही. पीक पुरेसे वाढले की उष्णता देऊन जंतू मारीत आणि त्यात थोडे कार्बॉलिक ॲसिड घालीत. हे मेलेले जंतू म्हणजेच लस. शरीराला शत्रूची ओळख पटावी, पण शत्रूच्या हाती शस्त्र नसावे, असा यामागील विचार.

तीन महिने हे काम अहोरात्र चालले. सहकाऱ्यांपैकी काहींची प्रकृती ढासळली, काही सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीप्रमाणे पहिली सुई स्वतःस टोचून घेतली. मात्रा होती दहा घनसेंटिमीटर. पुढे लोकांस जी देत तिच्या ती तिप्पट-चौपट होती. ताप आला, दुखणे झाले, परंतु धोका निघून गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी लस घेण्यास स्वखुशीने पुढे आले. त्यांहून थोडे अधिक कैदी तसेच राहिले. लस न घेतलेल्यांत १२ जणांस रोग जडला व ६ मृत्यू पावले. घेतलेल्यांत दोघांस रोग झाला आणि दोघेही वाचले.

असे असूनही लोकांचा ओघ लगेच सुरू झाला नाही. त्याचे कारण लशीत नव्हते, सरकारी धोरणात होते. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरे तपासणे, संशयितांस ओढून नेणे, सामान जाळणे असे अधिकार अंमलदारांना मिळाले. पुण्यात रँडसाहेबांच्या हुकमतीखाली गोरे सोजीर लोकांच्या घरांत, देवघरांत आणि स्वयंपाकघरांत घुसले. त्यातून जी चीड उसळली तिची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या हातून रँड यांच्यावर गोळी झाडण्यात झाली. हा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या. लोकमान्य टिळक शहर सोडून न जाता तेथेच राहिले व हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. म्हणजे लोकांस औषधोपचारच नको होते असे नव्हे. बंदुकीच्या धाकाने होणारे उपचार नको होते. लस टोचणारा मनुष्यही त्याच सरकारचा, तेव्हा त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. सुईने वांझपण येते, सुई टोचली की मनुष्य मरतो, अशा वावड्या उठत. त्या अडाणीपणाच्या होत्या खऱ्या. पण ज्या राज्यकर्त्यांनी शाळांवर इतका तुटपुंजा खर्च केला, त्यांनी अडाणीपणाबद्दल लोकांस दोष द्यावा हे आम्हांस तरी पटत नाही.

हाफकिन यांनी वेगळा मार्ग धरला. ज्यांच्या शब्दास समाजात मान आहे, त्यांना ते आधी विश्वासात घेत. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली, आणि एकदा नव्हे तर अनेकदा. आपली एक प्रशस्त इमारतही त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिली. त्यांच्या समाजातील हजारो लोक मग निर्भयपणे पुढे आले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण गावी १८९७ साली साथ भयंकर होती. ८,२३० वस्तीपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यांतील ३६ दगावले. उरलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मृत्युमुखी पडले. पहिल्यांत शेकडा दीडच्या आसपास, दुसऱ्यांत जवळजवळ पंचवीस! पुढील वर्षी हुबळीसही फार मोठ्या संख्येने लोकांनी लस घेतली.

आता आरंभी ज्या कारणाचा उल्लेख केला, त्याकडे वळू. वडोदऱ्याच्या पश्चिमेस काही मैलांवर उंडेरा नावाचे गाव आहे. वाढत्या शहराने आज त्यास जवळजवळ पोटात घेतले आहे. १८९८ च्या आरंभी ते महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यातील सुमारे हजार वस्तीचे एक खेडे होते आणि तेथे प्लेग शिरला होता. लशीचा खरा गुण किती, याविषयी टीकाकारांचे समाधान अजून झाले नव्हते. लस घेणारे लोक सुखवस्तू, स्वच्छ राहणारे, म्हणून ते वाचतात. त्यात लशीचे काय, असे ते विचारीत. या आक्षेपास उत्तर देणारा प्रयोग उंडेऱ्यात झाला. फेब्रुवारी महिन्यात घरोघरची माणसे मोजून त्यांची नोंद करण्यात आली आणि प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांस लस टोचण्यात आली. वय, प्रकृती, स्त्री-पुरुष यांचे प्रमाण दोन्ही बाजूंस शक्यतो सारखे ठेवले. अशी ५१३ माणसे झाली. आता दोन्ही गटांचे घर एक, अन्न एक, पाणी एक, झोपण्याची ओसरीही एकच. फरक फक्त सुईचा.

साथ ओसरल्यावर घरोघर जाऊन मोजदाद केली. रोग २८ घरांत शिरला होता. या घरांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ जणांस प्लेग झाला आणि २६ मरण पावले. लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ जणांस प्लेग झाला आणि ३ मरण पावले. आकडे कोरडे असतात, परंतु हे वाचताना आमचे डोळे क्षणभर त्या सव्वीस मृत्यूंवर खिळून राहिले. एकाच चुलीभोवती जेवणाऱ्या दोन भावंडांपैकी एकास सुई मिळाली आणि दुसऱ्यास मिळाली नाही, असे त्या गावात घडले असणार. आजच्या काळात कोणताही शास्त्रज्ञ, संबंधितांस सर्व समजावून त्यांची संमती घेतल्याशिवाय असा प्रयोग करू शकणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्या वेळी लशीच्या गुणाची खात्री व्हावयाची होती आणि त्या खात्रीवाचून सरकार किंवा लोक हालणार नव्हते, ही त्याची दुसरी बाजू. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. उंडेऱ्याचे आकडे पुढे वैद्यकीय ग्रंथांतून देशोदेशी गेले. ज्यांच्या मरणाने ते तयार झाले, त्यांची नावे मात्र कोठे छापली गेली नाहीत.

याच काळात मुंबईत हजारो मात्रा तयार होऊन प्रांतोप्रांती जाऊ लागल्या. प्रयोगशाळा परळच्या वाड्यात आली. डॉक्टरांची एक पिढीच तेथे लस करण्यास व टोचण्यास शिकली. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ सिमाँ यांनी १८९८ मध्येच दाखविले होते; पण ते सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षे गेली. तोवर घरांची कौले उतरविणे आणि गटारांत कार्बॉलिक ओतणे यांतच नगरपालिकांचे बळ खर्च होत राहिले.

१९०२ साली पंजाब सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस मागविली. मागणी पुरविण्यासाठी हाफकिन यांनी पाश्चर संस्थेच्या पद्धतीनुसार कार्बॉलिक वगळून केवळ उष्णतेने लस निर्जंतुक करण्यास आरंभ केला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जणांस आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून ज्यांना टोचले त्यांना काहीही झाले नाही.

चौकशी समिती बसली. बाटली मुंबईहून निघण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असा तिचा कल पडला आणि कार्बॉलिक वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते पदावरून दूर झाले. १९०४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. ज्याने सहा-सात वर्षे लोकांना सुईवर विश्वास ठेवावयास शिकविले, त्याच्याच नावाशी एकोणीस मृत्यू जोडले गेले. लोकांचा विश्वास मोडला; पंजाबात लस टोचण्याचे काम बसले आणि प्लेग मात्र थांबला नाही. डॉक्टर नसलेल्या या परदेशी यहुद्याबद्दल खात्यात जो आकस होता, त्यालाही आता तोंड फुटले. फ्रान्समध्ये दोष नसताना शिक्षा भोगलेल्या ड्रायफस यांची आठवण त्या वेळी अनेकांना झाली.

वस्तुस्थिती निराळी होती. मुलकोवाल येथे बाटली उघडताना एका साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो विस्तवावर धरून निर्जंतुक करण्याऐवजी नुसता कार्बॉलिकच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली मुंबईतच दूषित झाली असती तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती. उघडताना तशी ती आली नव्हती. ही साधी तर्कसंगती कागदपत्रांतच होती, पण ती वाचून दाखविणारा हवा होता. ते काम सर रोनाल्ड रॉस यांनी केले. डासांमुळे हिवताप पसरतो याचा पुरावा १८९७ साली सिकंदराबादेस मिळविणारे आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले हेच रॉस. त्यांनी व इतर नामवंत शास्त्रज्ञांनी मिळून दहा सह्यांचे पत्र २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध केले. एखाद्या शास्त्रज्ञाचा असा अन्याय होऊ लागला तर लोकसेवेसाठी पुढे कोण येईल, हा त्यांचा सवाल होता. इंग्लंडच्या पार्लमेंटातही प्रश्न निघाला आणि हाफकिन निर्दोष ठरले.

पाच वर्षांनी मिळालेला हा न्याय पुरा मात्र नव्हता. हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले तेव्हा परळची जागा भरलेली होती. त्यांना कलकत्त्यास नेमण्यात आले. तेथे हाताखाली पूर्वीसारखी प्रयोगशाळा नव्हती आणि माणसांवर लशींचे नवे प्रयोग करण्यास वावही नव्हता. वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण होताच ते निवृत्त होऊन युरोपात गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. उत्तरायुष्यात ते आपल्या धर्माच्या अभ्यासात व आचारात अधिकाधिक रमले. यहुदी धर्मशाळांतील विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी आपली संपत्ती निधीच्या रूपाने ठेवून दिली.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईच्या प्रयोगशाळेतून या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ साली तेथील संचालकांनी सरकारकडे आग्रह धरून संस्थेस हाफकिन यांचे नाव देवविले. ते त्या वेळी पासष्ट वर्षांचे होते. आभाराच्या उत्तरात त्यांनी मुलकोवालचा विषय काढला नाही. आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली, एवढे मात्र त्यांनी आवर्जून लिहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.